हाताचे दुखणे आणि आबे फारियांची निद्रा

गोदावरीच्या उत्तर तीरावर बासर येथे ज्ञानसरस्वतीचे जे सुप्रसिद्ध स्थान आहे, तेथे वसंतपंचमीस लेकुरवाळ्यांची रीघ लागते. आईबापांच्या मांडीवर बसलेल्या बालकाचा हात पुरोहित आपल्या हातात घेतो आणि पाटीवर त्याच्याकडून पहिले अक्षर गिरवून घेतो. अक्षराभ्यास म्हणतात तो हाच. बासर आज निर्मळ जिल्ह्यात मोडते. परंतु ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्याचेच भूषण होते, आणि पेनगंगेपलीकडच्या मराठी माणसाच्या बोलण्यात ते अजूनही तसेच आहे.

गिरवणे ह्या शब्दात पुनरावृत्ती आहे. तेच वळण, तीच बोटे, तोच दाब. अशा पुनरावृत्तीनेच हाताला विद्या येते. पण ह्याच मुलखात तोच हात पुढे काय काय गिरवतो हे पाहू लागले म्हणजे दुसरी बाजू ध्यानात येते. बेला, जैनथ, तलमडगू ह्या बाजूस दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो, आणि बायाबापड्या बोंडाच्या टोकदार कडा चुकवीत सूर्योदयापासून बोटांच्या चिमटीने तो वेचतात, मजुरी किलोवर. निर्मळकडे घरोघरी विड्या वळल्या जातात. टेंभुर्णीची पाने भिजवायची, फर्म्याच्या मापाने कातरायची, चिमूटभर तंबाखू पसरायचा, अंगठा व तर्जनी ह्यांमध्ये वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. आणि ही सर्व क्रिया दिवसातून शेकडो वेळा, कारण दाम ठरतो तो हजार विड्यांमागे. मान खाली, सूप मांडीवर, मनगट अधांतरी. पुढे पुढे रात्री हाताला मुंग्या येतात, अंगठ्याच्या मुळाशी कळ उठते, पाण्याची घागर उचलवत नाही.

ह्या दुखण्याला आजचे डॉक्टर रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंजुरी म्हणतात. एकच क्रिया अखंड करीत राहिल्याने स्नायू, स्नायूंना हाडाशी जखडणाऱ्या दोऱ्या आणि मज्जातंतू ह्यांना होणारी इजा, असा त्याचा अर्थ. नाव नवे, दुखणे जुने. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्याने कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली छापला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्यांविषयी एक प्रकरण त्यास जोडले. कारकुनाच्या पीडेची त्याने तीन कारणे दिली: सतत बसणे, हाताची एकाच दिशेने चालणारी अविरत हालचाल, आणि वहीत चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. एका लेखनिकाची हकीगतही तो देतो. जन्मभर लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा अभ्यास केला. काही काळाने डावाही त्याच वाटेने गेला. तीन कारणांपैकी तिसरे, मनाचे कारण, वाचकांनी लक्षात ठेवावे. ह्या लेखाची सारी कथा त्याभोवती फिरणार आहे.

आपल्याकडील कुळकर्णी, देशपांडे, चिटणीस ह्यांनी बोरूने किती दप्तरे भरली ह्याला गणती नाही. आधी आडवी रेघ आखून घ्यायची आणि हात शक्य तितका कमी उचलून अक्षरे तिला लटकवीत जायचे, ही मोडीची युक्ती वेगासाठीच होती. (वेग वाढला म्हणून कारकुनाचा हात विसावला असे मात्र नव्हे, वेग वाढला की पुढ्यातले कागद वाढतात, हा सर्व कचेऱ्यांचा अनुभव आहे.) युरोपात एकोणिसाव्या शतकात लोखंडी टाक आले आणि लेखनिकांच्या बोटांना येणारा पेटका त्यांच्या माथी मारण्यात आला. मग तारायंत्र आले. इंग्लंडात १९०८ साली तारमास्तरांचा हातपेटका हा नुकसानभरपाईस पात्र रोग ठरला. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात टंकलेखन व संगणक ह्यांवर काम करणाऱ्या लोकांत हे दुखणे इतके बोकाळले की त्यावरून मोठा वाद माजला. एक पक्ष म्हणे, हातात इजा आहे; दुसरा म्हणे, दुखणे मनात आहे. दुसऱ्या पक्षाच्या बोलण्याचा अर्थ कामगारांनी एकच घेतला, की आम्हांस लबाड ठरविले जात आहे. त्यांचा राग अनाठायी नव्हता.

हातदुखीवर संमोहनाचा उपचार सुचविणाऱ्यासमोर पहिली अडचण उभी राहते ती हीच. संमोहनाने वेदना शमत असेल तर ती वेदना खरी कशी, असा प्रश्न सहज येतो. आणि देवळाच्या ओसरीवर बसणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात आणखी एक शंका असते: ही मोहिनीविद्या, म्हणजे दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळविण्याचा प्रकार, सज्जनाने तिच्या वाटेस जावे काय? ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास आपण ज्या पुरुषापाशी येऊन पोचतो, तो कोकणी बोलणारा होता.

आदिलाबाद हे नाव विजापूरच्या आदिलशहावरून पडले असे सांगतात. त्याच घराण्याचे नाव मिरविणारा राजवाडा पणजीस मांडवीकाठी उभा आहे, आणि त्याच्या शेजारी एक पुतळा आहे. झगा घातलेला एक पुरुष दोन्ही हात पुढे पसरून उभा. त्याच्यासमोर एक स्त्री निद्रावश होऊन कलंडत आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली बसविण्यात आला. गोव्यास देवदर्शनास जाणारे आपले कितीतरी लोक त्याच्यावरून जातात आणि ही कोणा जादूगाराची मूर्ती असावी असे समजून पुढे जातात.

जुझे कुस्तोदियु फारिया ह्यांचा जन्म बारदेशातील कांदोळी येथे १७५६ साली झाला. त्यांचे पितृघराणे कोलवाळचे. त्या घराण्याचा मूळ पुरुष अंतू शेणवी नावाचा सारस्वत ब्राह्मण होता व तो ख्रिस्ती झाला, अशी परंपरा आहे. स्वतः फारियांना ह्या मुळाचा विसर पडला नव्हता. पॅरिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांनी आपल्या नावापुढे, धर्मशास्त्राचा पंडित ह्या पदवीच्याही आधी, ब्राह्मण असे लिहिले आहे. १७७१ साली, पंधराव्या वर्षी, ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले. पुढे रोममध्ये शिकून १७८० साली त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली.

लिस्बनमधील एक प्रसंग गोव्यात घरोघरी सांगितला जातो. राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनास उभे राहिले असता समोर जमलेला दरबारी थाट पाहून तरुण फारियांची वाचाच बसली. व्यासपीठाच्या पायथ्याशी बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत म्हटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ समोर बसलेले सरदार-दरकदार म्हणजे चिरण्याची भाजी! मुलाची भीती पळाली आणि प्रवचन ओघाने सुरू झाले. एका वाक्याने माझ्या देहात व मनात हा पालट कसा झाला, ह्या विचाराने फारियांना पुढे आयुष्यभर सोडले नाही, असे म्हणतात. कथेत लोकांनी पदरचे काही घातले असेल. पण फारियांच्या शास्त्राचे बीज ती नेमके दाखवते. वडिलांनी मुलाला काही दिले नव्हते. धैर्य मुलाच्याच ठायी होते. शब्दाने ते जागे केले.

१७८८ साली ते पॅरिसला गेले. त्या शहराला मेस्मरच्या प्रयोगांची ओळख आधीच झाली होती. प्राण्यांच्या शरीरात एक सूक्ष्म चुंबकद्रव वाहतो व उपचारक हातवारे करून तो रोग्यात घालतो, असे मेस्मर सांगे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, जीत बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए हे होते, असा द्रव नाही, जे घडते ते कल्पनेने घडते, असा निर्णय दिला. कल्पनेने घडते, म्हणजे काहीच घडत नाही, असे समजून विद्वान मोकळे झाले.

फारियांनी येथे पाऊल पुढे टाकले. ११ ऑगस्ट १८१३ पासून पॅरिसमध्ये क्लिशी रस्त्यावर त्यांनी जाहीर व्याख्याने व प्रयोग सुरू केले. माणसास आरामखुर्चीत बसवावे, डोळे मिटून चित्त एकाग्र करण्यास सांगावे, आणि मग ठाम स्वरात एकच शब्द उच्चारावा: झोपा. द्रव नाही, लोहचुंबक नाही, हातवारे नाहीत. आपल्या अंगी काही दैवी वा आसुरी शक्ती आहे हे त्यांनी साफ नाकारले. झोपविणारा केवळ निमित्त. झोपेचे कारण झोपणाऱ्याच्या ठिकाणी असते, हा त्यांचा सिद्धान्त. त्या कारणाची मीमांसा करताना रक्ताच्या पातळपणाविषयी त्यांनी जे लिहिले ते आज टिकत नाही. मूळ सिद्धान्त टिकला. परंतु पॅरिसला टिंगल प्रिय. १८१६ साली ह्या विद्येची थट्टा करणारे प्रहसन रंगभूमीवर आले, लोक हसले, व्याख्यानांची गर्दी ओसरली. धर्मपीठाला सैतानाचा संशय, विद्वानांना भोंदूपणाचा. २० सप्टेंबर १८१९ रोजी फारिया वारले. त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढचे खंड कधीच निघाले नाहीत. मोंमार्त्र येथे त्यांना पुरले, पण थडग्यावर खूण नाही. अलेक्झांद्र द्यूमाच्या कादंबरीतील कैदी फारिया सगळ्या जगाला ठाऊक झाला. खरे फारिया मात्र पुष्कळांना ठाऊक नाहीत.

मोहिनीविद्येच्या शंकेचे उत्तर फारियांच्या ह्या सिद्धान्तात आहे. जी शक्ती उपचारकाची नाहीच, तिने तो ताबा काय मिळवणार?

हे उत्तर न पटलेल्या एका थोर डॉक्टराची कथा बंगालमध्ये घडली. जेम्स एस्डेल हा स्कॉटलंडचा शस्त्रवैद्य कंपनी सरकारच्या नोकरीत हुगळी येथे होता. ४ एप्रिल १८४५ रोजी माधव कौरा नामक कैद्यावर उपचार करताना त्याने मेस्मरच्या पद्धतीचा पहिला प्रयोग केला. भुलीचे औषध त्या वेळी प्रचारात नव्हते. रोगी गाढ निद्रेत गेला. टोचले, चिमटे घेतले तरी हालेना. पहिल्या आठ महिन्यांत एस्डेलने अशा रीतीने ७३ वेदनारहित शस्त्रक्रिया केल्या आणि १८४६ साली त्यांचा वृत्तान्त ग्रंथरूपाने छापला. सरकारी समिती बसली, कलकत्त्यात एक लहानसे रुग्णालयही प्रयोगादाखल मिळाले. पण १८४६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ईथर आले, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म. घटकाभरात भूल पडू लागल्यावर तासन् तास चालणारी ही निद्रा शस्त्रवैद्यांना नकोशी झाली. १८५१ साली एस्डेल मायदेशी परतला.

ह्या प्रकरणातील दोन गोष्टी इतिहासकार सहसा ओझरत्या सांगतात. आमच्या विषयात त्यांना महत्त्व आहे. पहिली, एस्डेल द्रवावर विश्वास ठेवणारा. त्याच्या पद्धतीत रोग्याच्या अंगावरून, स्पर्श न करता, डोक्यापासून पोटापर्यंत हात फिरवीत राहावे लागे. एकेका रोग्यामागे तास, कधी दोन तास. तो स्वतः थकून गेला आणि हे काम त्याने रुग्णालयातील तरुण हिंदू व मुसलमान सहायकांवर सोपविले. अंधाऱ्या खोलीत रोज तासन् तास तेच हात फिरविणाऱ्या त्या पोरांचे खांदे रात्री काय म्हणत असतील? एकाची वेदना हरण करण्यासाठी दुसऱ्यांच्या हातांना पुनरावृत्तीच्या चरकात घातले गेले. आणि ते हात अनावश्यक होते, हे फारिया तीस वर्षांपूर्वी सांगून गेले होते. दुसरी गोष्ट, माधव कौरा कैदी होता. नको म्हणण्याची मुभा असणारा माणूस आणि नसणारा माणूस ह्यांच्या निद्रेत फरक करावयास हवा.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने १८४३ च्या ग्रंथात ह्या विद्येस हिप्नॉटिझम हे नाव रूढ केले. फ्रान्समध्ये नान्सी येथे लिएबो नावाचा डॉक्टर गोरगरीब शेतकऱ्यांवर निद्रेचा उपचार विनामूल्य करी. त्याच्यापासून शिकून प्राध्यापक बर्नहाइम ह्याने सूचनेचा सिद्धान्त शास्त्राच्या दरबारात मांडला आणि त्याचा मान फारियांना दिला. १९५५ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने व १९५८ साली अमेरिकेतील तशाच संस्थेने संमोहनास वैद्यकीय उपचार म्हणून मान्यता दिली. १९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांनी कर्करोगाच्या वेदनेवर त्याचा उपयोग होतो असा स्पष्ट निर्वाळा दिला.

वेदना खरी की खोटी, ह्या प्रश्नावर सर्वांत उद्‌बोधक प्रयोग हातावरच झाला, हा योगायोग मोठा सुंदर आहे. माँट्रियल येथे रँव्हील व त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांचे हात चटका बसेल इतक्या गरम, ४७ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवले आणि संमोहनाने त्यांना कधी ‘हे फारसे असह्य नाही’ अशी, तर कधी उलट सूचना दिली. मेंदूचे चित्रण केले तेव्हा दिसले ते असे: वेदनेचे ठिकाण व स्वरूप टिपणाऱ्या मेंदूच्या भागातील हालचाल बदलली नाही, वेदनेचा जाच, तिची असह्यता जेथे उपजते त्या भागातील हालचाल मात्र सूचनेनुसार कमीजास्त झाली. हे संशोधन १९९७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे वेदना खरी होती, आणि तिचा जाच कमी झाला तोही खरा होता. ऑस्ट्रेलियातील दोन्ही पक्ष अर्धे अर्धे बरोबर होते म्हणावयाचे!

ह्याच्याही आधी स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नेस्ट हिल्गार्ड ह्यांनी बर्फाच्या पाण्यात हात घालून प्रयोग केले होते. संमोहित माणूस तोंडाने सांगे, काही दुखत नाही. पण त्यांपैकी काहींचा दुसरा हात, आडून विचारले असता, दुखते आहे असे नकळत नोंदवी. हिल्गार्डांनी त्यावरून बांधलेला तर्क सर्वांस मान्य झाला नाही. तरी विडी वळणाऱ्या बाईचा विचार करताना तो दुसरा हात डोळ्यांपुढून हलत नाही.

आता उपचाराकडे वळू. हातदुखीच्या रोग्यास संमोहनात जी युक्ती शिकवितात तिला हातमोज्याची बधिरता म्हणतात. डोळे मिटून, श्वास संथ करून त्याने कल्पावे की आपला एक हात थंड पाण्यात आहे, मग तो जड झाला, मग जणू जाड मोजा चढविल्यासारखा बधिर झाला. तो बधिरपणा पुरता जाणवला की तोच हात दुखऱ्या मनगटावर किंवा खांद्यावर ठेवून बधिरपणा तिकडे उतरवायचा. काहींना थंडीपेक्षा ऊब मानवते. प्रथम कोणी जाणकार शिकवितो. नंतर रोज थोडा वेळ स्वतःच करावयाचे. सर्वांना ते सारखे साधत नाही; माणसामाणसाची ग्रहणशक्ती भिन्न असते, हे हिल्गार्ड व वाइट्झेनहोफर ह्यांनी १९५९ साली मापे लावून दाखविले. परंतु ज्यांना साधते त्यांना आणखी एक लाभ होतो. दुखण्याच्या भीतीने माणूस मान, खांदा व दंड आवळून धरतो. त्या आवळण्याने दुखणे वाढते. वाढल्याने भीती वाढते. रामाझ्झिनीचे तिसरे कारण ते हेच. निद्रेत हे आवळणे सुटते. मूळ इजा भरून आल्यानंतरही महिनोन् महिने उरणाऱ्या हट्टी दुखण्यात ह्या उपचाराचा विशेष उपयोग आहे.

पण येथे आमचा स्पष्ट आक्षेपही नोंदवावासा वाटतो. बोटे बधिर होत असतील, पकड सुटत असेल, मुंग्यांनी झोपमोड होत असेल, तर आधी डॉक्टरकडून मनगटाची नस दबली आहे की काय हे पाहून घेतले पाहिजे. आणि दुखणे शमले म्हणून त्याच हाताने उरलेल्या पाचशे विड्या वळावयाच्या असतील, तर तो उपचार त्या बाईचा नसून विडीच्या व्यापाऱ्याचा झाला. घरी बसून वळणाऱ्या बायाही कामगारच होत, हे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने मानले. पण हजारावर दाम ठरतो तोवर विसावा हा पदरमोड करूनच घ्यावा लागतो. म्हणून सूचना द्यावयाची ती ‘दुखत नाही’ अशी देऊ नये. ‘खांदा सैल आहे, मनगट उबदार आहे, थकवा आला की मी हात खाली ठेवीन’ अशी द्यावी. वेदनेचा जाच जावा, इशारा राहावा. माधव कौऱ्यापेक्षा ह्या बाईला नको म्हणण्याची मोकळीक किती अधिक आहे, हे उपचार करणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे.

राहता राहिला भाषेचा मुद्दा. फारियांच्या वडिलांना पोर्तुगीज उत्तम येत होती, सभोवती सारे पोर्तुगीज बोलणारे होते. तरी घाबरलेल्या मुलाला त्यांनी शब्द दिला तो कोकणी, स्वयंपाकघरातला, विळीवरचा. डोळे मिटलेल्या माणसाच्या आत शिरणारी भाषा लहानपणी कानांवर पडलेलीच असते. आदिलाबाद हा त्या दृष्टीने कठीण मुलूख. निजामाच्या अमदानीत कचेरीची भाषा उर्दू. १९५६ साली किनवट व राजुरा हे तालुके मराठी मुलखात गेले, तरी कित्येक मराठी गावे पेनगंगेच्या अलीकडे तेलुगू राज्यातच राहिली. आणि डोंगरपट्टीत गोंडी. दवाखान्यातील भाषा आणि माजघरातील भाषा येथे एक असेलच असे नाही. १९४० नंतर मारलवाई येथे फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांनी गोंड मुलांसाठी शाळा व शिक्षकांचे शिक्षण सुरू केले तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे आला होता, आणि त्यांनी गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापवून घेतले. कापूस वेचणाऱ्या किंवा विडी वळणाऱ्या बाईसाठी सात-आठ वाक्यांची निद्रासूचना लिहावयाची तर ती बेल्यास मराठीत, निर्मळास तेलुगूत आणि मारलवाईस गोंडीत लिहावी लागेल. आणि त्या वाक्यांत सूप, घागर, बोंड, पान हे शब्द यावे लागतील.